कॉइल गेली!

विजेवर तापणारी कुठलीही वस्तू बंद पडली की मराठी माणूस दोन शब्दांत निदान करतो. कॉइल गेली. इस्त्री असो, शेगडी असो, हेअर ड्रायर असो. वस्तूला हात न लावता, चहाचा कप खाली न ठेवता, लांबूनच हे निदान होतं. गंमत म्हणजे बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. एवढं यश डॉक्टर मंडळींनाही लाभत नसेल. पण इस्त्रीची कॉइल गेली तर चुरगळलेला शर्ट घालून ऑफिसला जाता येतं. गिझरची कॉइल गेली की प्रकरण थेट अंगावर येतं, आणि तेही गार.

गिझर हे घरातलं सगळ्यांत उपेक्षित यंत्र. फ्रीजवर क्रोशाचा रुमाल असतो, वॉशिंग मशीनला फुलाफुलांचा झगा असतो, टीव्ही रोज पुसला जातो. दसऱ्याला स्कूटरला हार पडतो, शिलाई मशीनला हळदकुंकू लागतं, मिक्सरच्या डोक्यावरसुद्धा झेंडूचं एक फूल बसतं. गिझरला कोणी फूल वाहिल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. तो बिचारा छताला डोकं टेकवून, पोटात पंधरा लिटर पाणी घेऊन, कोळिष्टकांत वर्षानुवर्षं लटकलेला असतो. आपण मान वर करून त्याच्याकडे फक्त एकाच प्रसंगी बघतो. अंगाला साबण लावून झालेला असतो आणि नळातून थंडगार पाणी येत असतं, तेव्हा.

आणि नेमका त्या वेळी तो आपल्याला दिवा दाखवत असतो. या यंत्रातली सर्वांत मोठी लबाडी ती हीच. दिवा चालू म्हणजे गिझर चालू, अशी आपली भाबडी समजूत. प्रत्यक्षात तो दिवा एवढंच सांगतो की थर्मोस्टॅटने वीज पुढे सोडली आहे. पुढे कॉइल जिवंत आहे की गतप्राण, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. कॉइल गेली की पाणी तापत नाही, पाणी तापत नाही म्हणून थर्मोस्टॅट वीज तोडत नाही, आणि वीज तुटत नाही म्हणून दिवा तेवतच राहतो. निरोगी गिझरचा दिवा वीसेक मिनिटांत विझतो. मेलेल्या गिझरचा नंदादीप होतो. आमच्याकडे नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी "दिवा आहे, म्हणजे तापतंय" या श्रद्धेवर अख्खं घर खांद्यावर टॉवेल टाकून बसलं होतं. त्या घरात सासू-सासरेही होते. दिवाळीला जावयाच्या घरी पहिल्यांदाच आलेले.

कॉइल दिवाळीलाच का जाते, याचं एक कारण मला पुढे कळलं. ती दिवाळीला जात नाही. ती उन्हाळ्याच्या तोंडावर कधीतरी गेलेली असते. एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या गच्चीवरच्या टाक्यांतलं पाणी आपणहून चटका देतं, पावसाळ्यात गॅसवर पातेलंभर पाण्यात भागतं, त्यामुळे गिझरचं बटण कोणी दाबतच नाही. दिवाळीत कळतो तो नुसता निकाल. पण हे त्या संध्याकाळी कोणाला सुचणार? लगेच चौकशी समिती बसली. शेवटची अंघोळ कोणी केली? मुलाने. शॉवर किती वेळ चालू होता? मुलगा म्हणाला, "पाच मिनिटं." समितीने ही साक्ष ग्राह्य धरली नाही. आईचं म्हणणं पडलं की नळ उलटा फिरवल्यामुळे झालं. सासरे म्हणाले, "व्होल्टेज डाऊन आहे." सासरे मंत्रालयात नोकरीला होते. कुठल्याही प्रश्नात जबाबदारी इमारतीबाहेर ढकलायची, ही त्यांची हयातभराची शिस्त. बायको काही बोलली नाही. तिने फक्त माझ्याकडे बघितलं. गिझर माझ्या खात्यात येतो, हे मला त्या नजरेतूनच समजलं.

मग अर्थातच बंबाचा विषय निघाला.

गिझर बिघडलेल्या घरात चाळिशीवरची दोन माणसं असली की बंबाचा विषय दहा मिनिटांच्या आत निघतो, हा निसर्गनियम आहे. आमच्याकडे तर आई आणि सासूबाई अशा दोन अधिकारी व्यक्ती हजर होत्या. आईचा बंब कसबा पेठेतल्या तांबट आळीत घडवलेला. सासूबाईंचा त्याहून मोठा. मधोमध जाळाची नळी, खाली राखेची जाळी, वरून झाकण, बाजूला पितळी तोटी. त्यात लाकडाच्या ढलप्या, गोवऱ्या, करवंट्या, नारळाची सोडणं असं काहीही घाला, बंब नाही म्हणायचा नाही. एक बादली कढत पाणी काढलं की वरून एक बादली गार ओतायचं, की झालं. "आमच्या बंबाची कधी कॉइल गेली नाही हो," असं आई म्हणाली. यावर दोघींचं एकमत झालं. दोन विहिणींचं दिवाळीत एकमत होणं ही एरवी आनंदाची घटना. पण ते माझ्या गिझरच्या विरोधात झालं होतं.

या बंबपुराणात एक गोष्ट नेहमी गाळली जाते. बंब कोण पेटवायचं? पहाटे चारला उठून, धुराने डोळे चोळत, फुंकणीने फुंकत तो पेटवणारं, आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी चिंच आणि राख लावून तो लखलखीत घासून ठेवणारं माणूस कोण होतं? घरातला कर्ता पुरुष आयत्या गरम पाण्यात उटणं लावून बसायचा आणि पुढे पन्नास वर्षं बंबाच्या आठवणी काढायचा. बंबाच्या मायेने गहिवरणारे लेख बघा, बहुतेक पुरुषांनी लिहिलेले सापडतील. आईला मी विचारलं, "परत बंब आणू का?" ती म्हणाली, "वेड लागलंय का? इलेक्ट्रिशियनला फोन कर."

फोन मी आधी कंपनीला केला. मराठीसाठी दोन दाबा, गिझरसाठी चार दाबा, बिघाडासाठी एक दाबा. हे सगळं दाबून झाल्यावर आपला कॉल महत्त्वाचा असल्याचं सनईच्या सुरांत कळवण्यात आलं. शेवटी लाइनवर आलेल्या मुलीने अतिशय आदबीने तीन दिवसांनंतरची वेळ दिली. अभ्यंगस्नान तीन दिवस पुढे ढकलायची सोय पंचांगात नाही, हे मी तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "सर, तुमची तक्रार नोंदवली आहे." मग शेजारच्या गल्लीतल्या आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनला गाठलं. तो "दहा मिनिटांत पोचतो साहेब" म्हणाला आणि दीड तासात आला. या हिशेबाला पुण्यात वक्तशीरपणा म्हणतात.

कामाला हात घालण्याआधी कारागिराने वर बघून एक सुस्कारा टाकायचा असतो, ही या धंद्यातली पहिली पायरी. "कोणी बसवलाय हा?" ही दुसरी. गेल्या वेळी त्यानेच बसवला होता, पण हे मी बोललो नाही. त्याने मेन बोर्डावरचा एमसीबी पाडला, टेस्टर लावून खात्री केली, बादली खाली धरून टाकी रिकामी केली आणि स्टुलावर चढून खालचं प्लॅस्टिकचं झाकण उघडलं. आत गोल पत्र्यावर नटांचं कडं, मध्ये थर्मोस्टॅट, दोन्ही बाजूंना वायरींची टोकं. नट गंजले होते. त्याने ते एकेक करून सोडवले, पत्रा हलवला, पुन्हा हलवला, एक ठेवणीतला शब्द उच्चारला, आणि कॉइल बाहेर ओढली.

म्हणजे निदान ती कॉइल असावी, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. कारण बाहेर आला तो मनगटाएवढा जाड, पिवळट पांढरा, खडबडीत सोटा. तळाशी तांबूस गाळ, त्यात अंड्याच्या टरफलासारखे पापुद्रे. कारागिराने पान्याने हलकेच ठोकलं तसा खपल्यांचा एक ढीग फरशीवर पडला. त्याने टाकीत हात घालून आणखी मूठ-मूठ चुरा काढला आणि आमच्या अंघोळीच्या मगमध्ये टाकला. मग काठोकाठ भरला. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, हे पाणी तुम्ही अंगावर घेत होतात?"

घेत होतो. खडकवासला धरणाचं पाणी तसं मऊ असतं, पण आमच्या सोसायटीपर्यंत ते जेवढं पोचतं त्यात फार तर देवाची भांडी धुऊन होतात. बाकीचं बोअरचं आणि टँकरचं. दख्खनच्या काळ्या कातळातून झिरपत आलेल्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, हे त्यांचेच प्रताप. पाणी तापलं की त्यातल्या कॅल्शियम बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतं कॅल्शियम कार्बोनेट. ते पाण्यात विरघळत नाही, मग जिथे सर्वांत जास्त उष्णता तिथेच, म्हणजे कॉइलवर, ठाण मांडून बसतं. खडू म्हणजे हेच, चुनखडी म्हणजे हेच, आणि संगमरवरही मुख्यतः हेच. थोडक्यात, आमच्या गिझरमध्ये इतकी वर्षं ताजमहालाचं काम चालू होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. मुलाने स्वयंपाकघरातून लिंबूसत्व आणून एका खपलीवर टाकलं. ती फसफसली. सोमवारपासून त्याची रसायनशास्त्राची परीक्षा होती. वर्षभरात त्याने त्या विषयात दाखवलेला हा पहिला रस.

एवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका उतरले. हे वीज खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. कोणाच्याही घरात एमसीबी पडला की त्यांना झोपेतसुद्धा चाहूल लागते. हातात मल्टिमीटर होताच. त्यांनी कॉइलच्या दोन टोकांना दोन काड्या लावल्या आणि सगळ्यांना गप्प केलं.

"दोन हजार वॅटची कॉइल. दोनशे तीस व्होल्ट. म्हणजे रेझिस्टन्स किती पाहिजे?" त्यांनी मुलाला विचारलं. मुलगा लिंबूसत्वाचा डबा घेऊन आत गेला. "सव्वीस ओहम," काकांनीच सांगून टाकलं. मीटरवर आकडा आला: १.

"एक आहे," सासरे म्हणाले. "म्हणजे थोडी तरी शिल्लक आहे."

"एक म्हणजे काहीच नाही," काका म्हणाले. "या मीटरवर एक म्हणजे अनंत. तार तुटलीय."

एक म्हणजे अनंत हे ऐकून आईने नकळत हात जोडले.

मग काकांनी कॉइल कापायला लावली. कापल्यावर आतला ऐवज दिसला, आणि तो खरोखर बघण्यासारखा होता. बाहेर तांब्याची नळी, अगदी मध्यभागी केसासारख्या बारीक तारेची गुंडाळी, आणि दोन्हींच्या मध्ये ठासून भरलेली पांढरी भुकटी. ती तार निक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रणाची. आल्बर्ट मार्श नावाच्या अमेरिकन माणसाने १९०६ साली तिचं पेटंट घेतलं. लाल होईपर्यंत तापूनही गंजून झडत नाही, हा तिचा गुण. टोस्टरपासून इस्त्रीपर्यंत आपल्या घरात जे जे तापतं, ते बरंचसं मार्शसाहेबांच्या कृपेने. आणि ती पांढरी भुकटी मॅग्नेशियम ऑक्साइडची. तिची अक्कल अशी की उष्णता ती सहज बाहेर जाऊ देते, पण वीज अडवून धरते. म्हणूनच दोनशे तीस व्होल्टची जिवंत तार ज्या पाण्यात बुडालेली असते, त्याच पाण्याने आपण शांतपणे मंत्र म्हणत अंघोळ करू शकतो.

मात्र नळीला तडा गेला की भुकटी ओली होते आणि ही अक्कल संपते. वीज पाण्यात आणि टाकीत उतरते. खालच्या मजल्यावर हेच झालं होतं. तिथे कोणी गिझर लावला की ईएलसीबी पडायचा आणि अख्ख्या घराची वीज जायची. तीस मिलिअँपिअर एवढी गळती झाली तरी तो खटका पडतो, आणि पडायलाच हवा. पण ते प्रकरण नेमकं मालिकेच्या वेळी घडायचं. त्यामुळे त्या घरात रात्री आठ ते दहा अंघोळीला बंदी होती. शेवटी कोणीतरी सुचवलं की ईएलसीबीच काढून टाकू. काकांनी हे ऐकलं तेव्हा ते जिना उतरून नव्हे, जवळजवळ उडी मारून खाली गेले होते. बरोबरच आहे. पाण्यातल्या विजेची भीतीच कोणाला उरलेली नाही. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षा देणारी मुलं प्लॅस्टिकच्या बादलीत रॉड सोडून पाणी तापवतात आणि बोट बुडवून बघतात तापलं का. त्यांच्या खोलीमालकांनी भिंतीवर "रॉड वापरू नये" असं लिहिलेलं असतं, ते वीजबिलाच्या काळजीने. जिवाच्या काळजीने लिहिलेली पाटी मला अजून दिसायची आहे.

आता कारागिराने ठरलेलं वाक्य टाकलं. "साहेब, मी काय म्हणतो, नवीनच घेऊन टाका."

यावर घरात दोन तट पडले. सासरे नव्याच्या बाजूने, कारण पैसे त्यांचे नव्हते. आई जुन्याच्या बाजूने, कारण तिला कुठलीच वस्तू टाकवत नाही. आमच्या माळ्यावर तीन स्टोव्ह आहेत. निकाल काकांनी दिला. त्यांनी मोबाइलचा दिवा लावून टाकीत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "टाकी ठणठणीत आहे. पण हा रॉड बघा."

आम्ही बघितलं. कॉइलच्या शेजारी, त्याच पत्र्यावर, एक गंजकी तार लोंबत होती. हा म्हणे मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड. मुळात करंगळीपेक्षा जाड होता. पोलादी टाकीला आतून काचेचा लेप असतो, पण लेपाला बारीक चिरा पडतात, आणि तिथे पाणी पोलाद खायला लागतं. हा रॉड जवळ असला की पाणी पोलादाला सोडून त्याला खातं. आपण झिजायचं आणि टाकी राखायची, एवढ्यासाठीच त्याला आत बसवलेलं असतं. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या भावाचं जे होतं, तेच. आणि तसंच, तो संपेपर्यंत त्याच्या असण्याची कोणी दखल घेत नाही.

काका एकदा सुरू झाले की इतिहासात शिरतात. ही युक्ती हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाची, १८२४ सालची. ब्रिटिश आरमाराच्या लाकडी जहाजांना खालून तांब्याचे पत्रे ठोकलेले असत आणि खाऱ्या पाण्यात ते झिजत. डेव्हीने तांब्याला जस्ताचे, लोखंडाचे तुकडे जोडले. तुकडे झिजले, तांबं वाचलं. आरमार खूश झालं. पण झिजणाऱ्या तांब्याचं विष पाण्यात उतरत असे, म्हणून जहाजाच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले धरत नव्हते. झीज थांबताच समुद्रातल्या झाडून सगळ्या प्राण्यांनी तिथे वस्ती केली आणि जहाजं चालेनात. आरमाराने डेव्हीचे तुकडे काढून टाकले. जहाजांवर फसलेली ही अक्कल गिझरमध्ये मात्र व्यवस्थित चालते, कारण शिंपले अजून आमच्या टँकरमधून येत नाहीत. इथे कारागीर हळूच म्हणाला, "काका, दुकान बंद होईल."

दुकान तपकीर गल्लीत. दिवाळीच्या आदल्या रात्री त्या गल्लीत जायचं म्हणजे काय, ते गेलेल्यालाच माहीत. डोक्यावर लुकलुकणाऱ्या माळांचं छत, पायाखाली थर्माकोल, आणि दर दोन फुटांवर एक जण "पन्नास मीटर, पन्नास मीटर" म्हणून ओरडतोय. सगळं पुणं आकाशकंदिलाला लावायचे बल्ब आणि माळा घ्यायला लोटलेलं, त्यात मी प्लॅस्टिकच्या पिशवीत एक खरकटा सोटा घेऊन उभा. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी पहिल्यांदाच आदर उमटला. "नमुना आणला ते बरं केलंत," तो म्हणाला. नमुना न आणता "पंधरा लिटरची कॉइल द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या गल्लीत कसं हाताळतात, ते माझ्या पुढच्या माणसावरून समजलं होतं. पत्रा गोल की लांबट, नटांची भोकं किती, थर्मोस्टॅटची नळी डावीकडे की मध्ये, रॉडला आटे आहेत का, यातलं काहीच सांगता न आल्याने तो माळ घेऊन परत गेला.

"तांब्याची देऊ का इन्कोलॉय?" दुकानदाराने विचारलं. बोअरचं पाणी आहे म्हटल्यावर त्याने स्वतःच तांब्याची बाजूला सारली. इन्कोलॉय हा निकेल, लोखंड आणि क्रोमियमचा मिश्रधातू. जड पाण्यात तांब्यापेक्षा जास्त टिकतो. मग त्याने तीन खोकी मांडली. "ही कंपनीची. ही कंपनीसारखी. आणि ही चालते."

"म्हणजे बाकीच्या दोन चालत नाहीत?"

"चालतात हो. ही खिशाला चालते."

मी कंपनीची घेतली, सोबत नवा रॉड आणि नवी रबरी गास्केट. गास्केट जुनीच वापरायची कारागिरांना मोठी हौस असते. तिचे पैसे वाचतात आणि न्हाणीघरात महिनाभर थेंब थेंब पाणी गळतं. एकूण खरेदीपेक्षा रिक्षाचं भाडं जास्त झालं असं म्हणणार नाही, पण रिक्षावाल्याने तसा प्रयत्न केला.

घरी आलो तर साडूभाऊ व्हिडिओ कॉलवर. ते न्यू जर्सीला असतात. सासूबाईंनी त्यांना गिझरची बातमी आधीच दिली होती. "तिकडे माणूस बोलवता? आम्ही सगळं स्वतः करतो," असं ते म्हणाले. तिकडे प्लंबर घरी यायचा खर्च ऐकला की कोणीही पाना हातात घेईल, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या तळघरातली टाकी जवळजवळ दोनशे लिटरची, तिला दोन कॉइल, एक वर आणि एक खाली, प्रत्येकी साडेचार हजार वॅटची. दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत. आधी वरची आपल्या भागातलं पाणी तापवते, तिचं समाधान झालं की मगच वीज खालच्या कॉइलला मिळते. खालची गेली तर अर्धी अंघोळ गरम होते. पण वरची गेली तर तिचं समाधान कधीच होत नाही, आणि खालची धडधाकट असूनही तिच्यापर्यंत वीज पोचत नाही. सगळी टाकी गार. हे ऐकून सासरे त्या दिवसात पहिल्यांदा मोकळेपणाने हसले. मंत्रालयाची तीस वर्षं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली असावीत.

बसवायचं काम काढण्यापेक्षा सोपं निघालं. गास्केट स्वच्छ पुसून बसवली, नट एकाच बाजूने न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळत नेले, वायरी जुन्या जागी लावल्या, अर्थिंगची हिरवी वायर विसरली नाही ना ते काकांनी दोनदा बघितलं. आणि मग कारागिराचा हात सवयीने एमसीबीकडे गेला. "थांब!" काका एवढ्या जोराने ओरडले की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. टाकी रिकामी होती. पाण्यात बुडालेली कॉइल आपली उष्णता पाण्याला देऊन टाकते. कोरड्या टाकीत ती उष्णता जाणार कुठे? बघता बघता लाल होते आणि जळते. तपकीर गल्लीतून आणलेली कोरी कॉइल पहिल्या मिनिटात संपवायची हा खात्रीचा मार्ग. मग आधी पाणी सोडलं, गरम पाण्याचा नळ उघडा ठेवला. तो आधी खोकला, थुंकला, हवा सोडली, आणि सलग धार लागली. कुठे गळत नाही ना बघितलं. त्यानंतर बटण.

"आता तासभर चालू दे, चांगलं तापू दे," सासूबाई म्हणाल्या. ही समजूत घरोघरी आहे आणि ती मोडणं कुठल्याही अभियंत्याला जमलेलं नाही. पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला साधारण सहा दशांश युनिट वीज लागते. दोन हजार वॅटची कॉइल ते काम अठरा-वीस मिनिटांत उरकते. मग थर्मोस्टॅट वीज तोडतो. पुढची चाळीस मिनिटं बटण चालू आहे ते फक्त आपल्या मनाच्या शांतीसाठी. त्या पंधरा लिटरांत गार पाणी मिसळलं की सोसवेल अशा दोन बादल्या होतात. काकांनी हे गणित सासूबाईंना कागदावर करून दाखवलं. सासूबाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि म्हणाल्या, "तरी पण असू दे तासभर."

तुमच्याकडे ही वेळ आलीच तर कारागिराचं "नवीनच घ्या" लगेच मनावर घेऊ नका. टाकी गळत असेल तर गिझर भंगारात द्या, तिथे डागडुजी चालत नाही. टाकी धड असेल तर कॉइल बदला, आणि कॉइल बाहेर काढलीच आहे तर शेजारचा रॉडही बघून घ्या; तो नुसती तार उरला असेल तर तोही बदला, कारण पुढची पाळी टाकीचीच आहे. गास्केट नवी घ्या. ईएलसीबीला हात लावू नका. आधी पाणी, मग बटण. आणि जमलं तर हे सगळं मे महिन्यात उरकून टाका. त्या वेळी तपकीर गल्लीत उभं राहायला जागा असते आणि इलेक्ट्रिशियन सांगितलेल्या वेळेच्या फार तर एक तास उशिरा येतो.